इंकजेटच्या फिल्मवरून घरचा पीसीबी (सर्किट बोर्ड): प्रकल्प नोंदी

8 जून 2024

पाण्याच्या टाकीची पातळी पाहून पंप चालू-बंद करणारा कंट्रोलर. बोर्ड 80 × 60 मिमी, तांबं एकाच बाजूला. अ‍ॅटमेगा 328पी ही 32 पायांची टीक्यूएफपी (चपटी, चारही बाजूंना पाय असलेली) चिप तांब्याच्या बाजूला बसेल. बाकी रिले (विजेवर चालणारा स्विच), टर्मिनल, डायोड, कपॅसिटर वरून. या चिपचे पाय 0.8 मिमी अंतरावर असतात. पॅड (पाय जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा तुकडा) 0.5 मिमी धरला की दोन पॅडमध्ये 0.3 मिमीची फट उरते. सगळ्या कामाचं माप हेच. ती फट स्वच्छ निघाली तर बाकीचा बोर्ड आपोआप निघतो.

इंकजेटने पीसीबी करायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे थेट तांब्यावर छपाई. त्यासाठी एप्सनसारखं पिझो हेड लागतं, पिगमेंट शाई (बारीक कणांची, विरघळलेल्या रंगाच्या डाय शाईहून वेगळी) लागते, कागदाची वाट सरळ करण्यासाठी प्रिंटर खोलून उंच करावा लागतो, आणि छापलेली शाई तापवून पक्की करावी लागते. जमलं तर ही वाट सुंदर आहे, पण एक प्रिंटर कायमचा या कामाला द्यावा लागतो. दुसरी वाट म्हणजे पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापायची, तांब्यावर ड्राय फिल्म (उजेडाने घट्ट होणारा पातळ पडदा) चिकटवायची आणि यूव्ही (अतिनील उजेड) दाखवायचा. यात प्रिंटरला हात लावावा लागत नाही, घरातला टाकीवाला प्रिंटर चालतो. दुसरी घेतली.

9 जून 2024

कीकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमधले नियम: ट्रॅक (तांब्याची रेघ) कमीत कमी 0.4 मिमी, चिपजवळ 0.3. हाताने ड्रिल करायचं असल्याने पॅड 1.8 मिमीच्या खाली नाही. प्लॉट करताना ड्रिल मार्क 'स्मॉल' ठेवायचे. मग प्रत्येक पॅडच्या मधोमध बारीक खड्डा कोरला जातो आणि ड्रिलचं टोक त्यात आपोआप बसतं. पूर्ण भोकाचा मार्क ठेवला तर ड्रिल भोकात भटकतं आणि पॅडची एक बाजू खातं.

मोकळ्या जागेत ग्राउंडचं तांबं पसरायचं, क्लिअरन्स (मधली फट) 0.4 मिमी. ॲसिड (नको असलेलं तांबं खाणारं फेरिक क्लोराइड) वाचतं हा फायदा सगळ्यांना माहीत आहे, पण या पद्धतीत त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. ड्राय फिल्म निगेटिव्ह असते: जिथे उजेड पडतो तिथे ती घट्ट होते आणि तांबं राहतं. म्हणजे छापील फिल्मवर ट्रॅक पारदर्शक आणि मोकळी जागा काळी. तांबं पसरलेलं असलं की काळं फक्त बारीक फटींपुरतं उरतं. शाई कमी, फिल्म ओली कमी, आणि मोठ्या काळ्या पट्ट्यात इंकजेट जी पांढरी टाचणीभोकं सोडतो ती जवळपास नाहीतच.

230 व्होल्टच्या भागात मात्र तांबं पसरायचं नाही. मेन्स (घरची 230 व्होल्टची वीज) आणि 5 व्होल्ट यांच्यात कुठेही 6 मिमीपेक्षा कमी अंतर नको, रिलेच्या पायांमध्ये खाच कापायची. रिले थेट मोटर चालवणार नाही, कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवेल. एक एचपीच्या मोटरचा सुरू होतानाचा झटका छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटवून टाकतो.

छपाईसाठी एसव्हीजी (चित्राची फाइल) काढून इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक पांढरे केले, मागे काळा चौकोन टाकला. शेजारी 100 मिमीची रेघ. आरसा करायचा (चित्र डावं-उजवं उलटवायचं) की नाही यावर नेहमी गोंधळ होतो, म्हणून लिहून ठेवतो. कीकॅड खालचा थर वरून पाहिल्यासारखा दाखवतो. शाईची बाजू तांब्याला टेकवायची असेल तर खालच्या थराला आरसा नको, वरच्या थराला हवा. खात्रीसाठी तांब्यात 'टाकी 1' असा मजकूर टाकला आहे. शाई खाली करून फिल्म बोर्डवर ठेवली की तो सरळ वाचता आला पाहिजे. उलटा दिसला तर तिथेच थांबायचं.

शाई वरच्या बाजूला ठेवून भागवायचं नाही. फिल्म साधारण 100 मायक्रॉन जाड असते. तेवढ्या अंतरातून तिरपा उजेड काळ्याच्या खाली शिरतो आणि 0.3 मिमीची फट भरून जाते.

15 जून 2024

फिल्म. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी ओएचपी शीट लेझरची असते, तिच्यावर इंकजेटची शाई थेंब थेंब होऊन पसरते. हवी ती एका बाजूला लेप असलेली इंकजेट फिल्म. स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्यांकडे दुधी रंगाची वॉटरप्रूफ फिल्म मिळते, तीही चांगली चालते. फक्त तिला एक्स्पोजर थोडं जास्त लागतं. लेपाची बाजू ओळखायला ओलं बोट कोपऱ्याला लावायचं: लेप बोटाला चिकटतो, साधी बाजू चिकटत नाही.

काही प्रिंटरना पारदर्शक फिल्म दिसतच नाही आणि ते 'कागद नाही' म्हणून थांबतात. पुढच्या कडेला पांढऱ्या कागदाची सेंटीमीटरभर पट्टी चिकटवली की काम होतं.

आता मुख्य मुद्दा, काळेपणा. डोळ्याला काळी दिसणारी शाई यूव्हीला काळी असेलच असं नाही. डाय शाईचा काळा बरेचदा 365 नॅनोमीटरला भोकाभोकाचा असतो, पिगमेंट काळा बराच दाट. याची साधी परीक्षा: पांढऱ्या झेरॉक्स कागदावर फिल्म ठेवायची आणि नोटा तपासायच्या 365 नॅनोमीटर टॉर्चने उजेड टाकायचा. झेरॉक्स कागद यूव्हीखाली निळा चमकतो. काळ्या भागाखाली तो निळा दिसला तर शाई गळतेय. स्वस्त जांभळ्या टॉर्चमध्ये 395 नॅनोमीटरचे एलईडी असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका की चमक धड कळत नाही.

ड्रायव्हरची सेटिंग इथे फार खेळ करते. ज्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंग डाय असतात, त्यात 'फोटो पेपर' निवडलं की ड्रायव्हर पिगमेंट काळा बाजूला ठेवून तीन रंगांचा काळा करतो, कारण चकचकीत कागदावर पिगमेंट बसत नाही. तिथे 'प्लेन पेपर', उच्च दर्जा, ग्रेस्केल असंच छापायला हवं. चारही शाया डाय असतील तर उलट: 'मॅट फोटो पेपर' निवडल्यावर जास्त शाई पडते आणि रंगांच्या मिश्रणातली पिवळी शाई जांभळा उजेड चांगला अडवते. कुठल्या प्रिंटरला काय चालतं ते पानावर सहा चौकोन वेगवेगळ्या सेटिंगने छापून टॉर्चखाली एकदाच पाहून घ्यावं.

आमचा प्रिंटर चारही डायचा. मॅट सेटिंगवर चमक बरीच दबली, पूर्ण गेली नाही. उपाय म्हणजे दोन प्रती एकावर एक. दोन्हींची शाई खालीच. कोपऱ्यातल्या खुणा भिंगाखाली जुळवून दोन कडांना टेप. प्रती सरकल्या तर पारदर्शक भाग अरुंद होतो, म्हणजे ट्रॅक बारीक होतात. भिंगाचा कंटाळा करू नये.

छपाईत पान 'फिट टू पेज' नको, 100 टक्के. रेघ मोजली: 100 मिमी बरोबर.

16 जून 2024

पाऊस सुरू झालाय आणि फिल्म सुकत नाहीये. पुण्यात एप्रिलमध्ये जी शाई काही मिनिटांत कोरडी होते, ती आज तासाभरानेही बोटाला लागते. लेप पाणी ओढणारा असतो, म्हणूनच तो शाई धरतो आणि म्हणूनच हवेतला दमटपणाही धरतो. अशी ओलसर फिल्म ड्राय फिल्मवर दाबली तर शाई तिच्या वरच्या पॉलिस्टरला चिकटून सुटते. हेअर ड्रायर मंद गरमवर, एक फूट दूरून, पाच मिनिटं. मग झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. न छापलेल्या फिल्मचं पाकीटही तसंच ठेवावं. कोकणात आणि गोव्यात तर हे वर्षभर करावं लागेल.

22 जून 2024

तांबं आणि ड्राय फिल्म. कॉपर क्लॅड (तांबं चढवलेला कोरा बोर्ड) मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कापून मिळतो. ग्लास इपॉक्सी 1.6 मिमी, तांबं 35 मायक्रॉन घेतलं. तपकिरी पेपर फिनॉलिक स्वस्त, ड्रिलला मऊ, पण पॅड लवकर उचलले जातात आणि दमट हवेत मेन्ससाठी तो नकोच.

कापल्यावर कडांवर उठलेला धारदार काठ कानसीने काढलाच पाहिजे. कड जरा वर असली की लॅमिनेटरचा रोलर शेजारचे दोन-तीन मिलिमीटर दाबतच नाही आणि तिथे फिल्म सुटते. मग हिरवी घासणी आणि भांड्यांची पावडर, आधी उभी नंतर आडवी. पाणी सोडल्यावर सगळ्या पृष्ठभागावर अखंड पडदा राहिला पाहिजे. पडदा फाटून थेंब झाले तर तेल आहे, पुन्हा घासा. यानंतर तांब्याला बोट नाही. ड्रायरने सुकवायचं.

ड्राय फिल्म तीन थरांची असते: वर कडक पॉलिस्टर, मध्ये निळा रेझिस्ट (ॲसिड अडवणारा थर), आत मऊ पॉलिथिन. रोलच्या आतल्या अंगाचा मऊ थर काढून रेझिस्ट तांब्याला लावायचा. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी टेपचे तुकडे चिकटवून ओढले की तो सुटतो. एकदम पूर्ण काढू नये. सेंटीमीटरभर काढून बोर्डच्या कडेला चिकटवावं, मग बोर्ड लॅमिनेटरमध्ये जाता जाता मागून सोलत न्यावं. हवा अडकत नाही. अडकलाच बुडबुडा, तर तिथे पुढे ॲसिड शिरणार हे धरून चाला.

खोलीत पिवळा उजेड हवा. पांढऱ्या एलईडीवर पिवळा जिलेटीन पेपर दोन घड्या करून बांधला तरी चालतं. ट्यूबलाइट आणि सीएफएल बंद.

लॅमिनेटर 110 अंशांवर. साध्या पाऊच लॅमिनेटरमध्ये 1.6 मिमीचा बोर्ड अडतो. एकतर 0.8 मिमीचा बोर्ड घ्या, नाहीतर इस्त्री. इस्त्रीने करायचं तर सिल्कच्या खुणेवर, मध्ये साधा कागद, मधून कडेकडे. थंड बोर्ड रोलरची उष्णता खाऊन टाकतो, म्हणून दोन-तीन वेळा फिरवला. नीट चिकटलेली फिल्म सगळीकडे एकसारखी दिसते. पांढुरक्या जागा म्हणजे हवा. यानंतर 15 मिनिटं अंधारात ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं.

23 जून 2024

एक्स्पोजर. नखांच्या जेलचा 36 वॉटचा दिवा, 9 वॉटच्या चार ट्यूब, 365 नॅनोमीटर. ट्यूब दोन-तीन मिनिटं तापल्याशिवाय पूर्ण तेज देत नाहीत. थंड दिव्यावर घेतलेली वेळ दुसऱ्या वेळी जुळत नाही. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. दुपारचं ऊनही चालतं, पण जूनमध्ये ढगांवर वेळ कशी बेतणार?

रचना खालून वर: लाकडी पाट, 5 मिमी फोम, बोर्ड, निगेटिव्ह, 4 मिमी साधी काच. काचेला कडेला क्लिप लावल्या की ती मधून फुगते आणि नेमकी मधल्या चिपवर फिल्म सुटी राहते. खालचा फोम ते भरून काढतो. अ‍ॅक्रिलिकची शीट नको. बरेच प्रकार यूव्ही गाळतात.

वेळ शोधण्यासाठी चाचणी पट्टी: टीक्यूएफपीचा ठसा (चिपच्या पॅडची नक्षी) ओळीने आठ वेळा छापला, वर काळा पुठ्ठा, दर 20 सेकंदांनी एक ठसा उघडा. म्हणजे शेवटच्याला 20 सेकंद, पहिल्याला 160. हेच एका थराच्या आणि दोन थरांच्या निगेटिव्हने.

20 आणि 40 सेकंदांना रेझिस्ट डेव्हलपरमध्ये (उजेड न पडलेला रेझिस्ट धुणारं द्रावण) धुऊनच गेला. 60 ला राहिला, पण कडा फुगलेल्या आणि रंग फिका. 80 पासून पुढे घट्ट. आता दुसरं टोक: एका थराच्या निगेटिव्हखाली 120 लाच फटींमध्ये निळसर पापुद्रा राहायला लागला, 160 ला फट दिसेना. दोन थरांखाली 160 लाही फट गुलाबी तांब्याची.

खरी मोजायची गोष्ट ही आहे. कमीत कमी लागणारा वेळ आणि काळा भाग टिकतो तो जास्तीत जास्त वेळ यांच्यातलं अंतर. एका थरात ते 80 ते 100, म्हणजे विजेचा दाब जरा हलला तरी बोर्ड वाया. दोन थरांत 80 ते 160 किंवा पुढे. 110 सेकंद घेतले. दिवा बदलला, फिल्म बदलली किंवा शाई बदलली की पट्टी पुन्हा करायची. दुसऱ्याचे सेकंद उधार घेऊन उपयोग नाही.

29 जून 2024

मुख्य बोर्ड. एक्स्पोजरनंतर ट्रॅक लगेच गडद जांभळे दिसतात. पुन्हा 15 मिनिटं थांबून वरचं पॉलिस्टर काढायचं. ते विसरलं तर डेव्हलपर तासभर काही करत नाही, आणि लोक सोड्याला दोष देतात.

डेव्हलपर म्हणजे धुण्याच्या सोड्याचं 1 टक्का द्रावण, 30 अंशांना. एक लिटरला निर्जल सोडियम कार्बोनेट 10 ग्रॅम. स्फटिकी सोडा असेल तर त्यात पाणीच जास्त असतं, म्हणून 27 ग्रॅम. खाण्याचा सोडा तसाच टाकून चालत नाही. 16 ग्रॅम खाण्याचा सोडा जुन्या लोखंडी तव्यावर अर्धा-पाऊण तास कडक तापवला की त्याचा साधारण 10 ग्रॅम धुण्याचा सोडा होतो. द्रावण करायला आरओचं पाणी: बोअरच्या जड पाण्यात सोडा टाकला की ते दुधाळ होतं आणि सोड्याचा काही भाग तिथेच खर्च होतो. विसळायला मात्र जड पाणीच बरं, त्यातल्या कॅल्शियमने रेझिस्टच्या कडा घट्ट होतात.

मऊ ब्रशने हलकं चोळत राहायचं. 40 सेकंदांना मोकळ्या जागेतलं तांबं दिसू लागलं. जितक्या वेळात पहिलं तांबं दिसतं, साधारण तेवढाच वेळ आणखी द्यायचा. जास्त ठेवलं तर बारीक ट्रॅक कडेने उचलायला लागतात.

फटी साफ झाल्या की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण उरलेला पापुद्रा जवळपास पारदर्शक असतो. बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये पाच सेकंद बुडवून लगेच धुवायचा. उघडं तांबं एकसारखं मंद, फिकट गुलाबी होतं. जिथे पापुद्रा आहे तिथे तांबं चकचकीतच राहतं. चिपच्या एका कोपऱ्यात दोन पॅडमधली फट आरशासारखी चमकत होती. बोर्ड परत डेव्हलपरमध्ये, 15 सेकंद ब्रश, पुन्हा चाचणी: सगळं मंद.

कोरणी. हिशेब असा: 48 चौरस सेंटिमीटरवरचं 35 मायक्रॉन तांबं म्हणजे दीड ग्रॅम. सगळं काढायचं म्हटलं तरी निर्जल फेरिक क्लोराइड 8 ग्रॅमच्या आत पुरतं. व्यवहारात द्रावण निम्मं खर्च झालं की मंद होतं, म्हणून जास्त घ्यायचं. पण एका बोर्डसाठी लिटरभर करायची काही गरज नाही. खडे पाण्यात थोडे थोडे टाकायचे, पाणी खड्यांवर ओतायचं नाही, कारण मिसळताना द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे, चष्मा, प्लॅस्टिकचा ट्रे. स्टीलच्या सिंकवर एक थेंबही नको. फेरिक क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडतं.

ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवून 45 अंश. सतत हलवत 12 मिनिटांत काम झालं. बोर्डच्या कडा आधी साफ होतात, फटी शेवटी, कारण अरुंद जागेत ताजं द्रावण पोचत नाही. शेवटची दोन मिनिटं दर वीस-तीस सेकंदांनी बोर्ड काढून मागून टॉर्च धरला. ग्लास इपॉक्सीतून उजेड येतो, त्यामुळे न कोरलेली फट काळी दिसते. सगळ्या फटी उजळल्या की लगेच बाहेर: ॲसिड कडेनेही खातं, 0.3 चा ट्रॅक 0.25 च्या आसपास येतो, आणखी ठेवला तर तुटतो.

मेन्सच्या भागात तांब्याचे दोन ठिपके राहिले होते, निगेटिव्हमधल्या टाचणीभोकांचे. मेन्स आणि 5 व्होल्ट यांच्या मधल्या पट्ट्यात असा ठिपका राहिला की 6 मिमीचं अंतर गुपचूप कमी होतं. कटरने खरवडले. निगेटिव्हवर अशी भोकं आधीच दिसली तर काळ्या पर्मनंट मार्करने शाईच्या उलट बाजूने बुजवावीत.

रेझिस्ट काढायला कॉस्टिक सोडा 3 टक्के, 50 अंश. तो पापुद्र्यांनी सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिकने त्यातून हायड्रोजन सुटतो. डोळ्यांवर चष्मा इथे सगळ्यात जास्त गरजेचा.

30 जून 2024

ड्रिल: रेझिस्टर आणि कपॅसिटरला 0.8, 1एन4007 डायोड आणि पिन हेडरला 1.0, टर्मिनलला 1.3. साधी एचएसएस बिट ग्लास इपॉक्सीत लवकर बोथट होते आणि पॅडभोवती पांढरं वर्तुळ पाडते. कार्बाइड बिट टिकते, पण हातातल्या ड्रिलवर तिरकी झाली की तुटते, स्टँड हवा. काचेच्या धुळीसाठी मास्क.

मग राळ आयसोप्रोपिलमध्ये विरघळवून पातळ हात. तांबं काळं पडत नाही आणि सोल्डर धावतं.

6 जुलै 2024

चिप बसवली. सोल्डर मास्क (सोल्डर अडवणारा हिरवा लेप) नसल्याने पायांमध्ये सोल्डरचे पूल होणारच. आधी दोन तिरप्या कोपऱ्यांचे पाय, मग भरपूर फ्लक्स (सोल्डर धावायला मदत करणारी राळ), मग टोकावर थोडंच सोल्डर घेऊन एका दिशेने ओढत जायचं. पूल झाले तर तांब्याच्या तारांच्या वेणीने उचलायचे. पॅडपासून निघणारा ट्रॅक पॅडएवढाच रुंद असेल तर सोल्डर ट्रॅकवर पळतं आणि पाय कोरडा राहतो, म्हणून तिथे 0.3 चाच ठेवलेला बरा.

शेजारशेजारच्या पायांमध्ये मल्टिमीटरने शॉर्ट तपासला, नाही. मग 5 व्होल्ट दिले. 230 व्होल्ट जोडण्याआधी मेन्सच्या भागातला फ्लक्स आयसोप्रोपिलने पूर्ण धुवायचा. राळेत धूळ आणि ओल अडकली की गळती सुरू होते. बोर्ड गच्चीवरच्या डब्यात राहणार आहे, तर दोन्ही बाजूंना पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लेपाचे दोन हात, टर्मिनलवर टेप लावून.

7 जुलै 2024

वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक. बादलीत धुण्याचा सोडा चमचा-चमचा टाकायचा, फेस येणं थांबेपर्यंत. फेस जोरात येतो, म्हणून बादली तिप्पट मोठी आणि उघड्यावर. खाली बसलेला तपकिरी-हिरवा गाळ कापडातून गाळून, सुकवून, बंद डब्यात घातक कचऱ्यासाठी वेगळा. वरचं पाणी निळं असेल तर तांबं अजून आहे, सोडा कमी पडला. पण द्रावण अजून हिरवट-तपकिरी असेल आणि कोरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ घेत असेल, तर ते फेकू नका, प्लॅस्टिकच्या बाटलीत नाव लिहून ठेवा.

पुढचा बोर्ड दोन्ही बाजूंचा. दोन निगेटिव्ह समोरासमोर जुळवून, एका कडेला त्याच जाडीच्या बोर्डची पट्टी मध्ये धरून चिकटवायच्या, म्हणजे पाकीट होतं आणि बोर्ड आत सरकतो. पट्टी दुसऱ्या जाडीची असेल तर पाकीट मिटताना एक बाजू सरकते. वरच्या थराची प्रत आरसा करून छापायची, खालची तशीच.